धुराविना बार्बेक्यू

(कॅन्सस सिटी, मिझुरी. भाड्याचं छोटंसं घर, बुधवारची संध्याकाळ. भाचा केमिकल इंजिनीअरिंगमध्ये एमएस करायला आलेला, उद्या त्याची परीक्षा. मामा या गावात तीस वर्षं मुरलेले. त्यांच्या परसात स्मोकर आणि खिशात बार्बेक्यू परीक्षकाचं ओळखपत्र. मामींनी दिलेली भाजणी पोहोचवायला ते आलेत. ओट्यावर बिडाचं एकच भांडं.)

मामा : ही घे भाजणी. बसत नाही, निघतोच. काय करतोयस जेवायला?

भाचा : एका भांड्यातला बार्बेक्यू स्टेक पास्ता.

मामा : (बूट काढत) मामीला फोन लाव. म्हणावं, मामांना उशीर होईल.

भाचा : मामा, माझी उद्या परीक्षा आहे.

मामा : तुझी आज आहे. एका नावात तीन गुन्हे केलेस. बार्बेक्यू म्हणजे लाकडाचा धूर, मंद धग आणि वेळ. हिकरी नाहीतर ओक, 225 फॅरनहाइट, म्हणजे आपलं 107 सेल्सिअस. ब्रिस्केट असेल तर बारा-चौदा तास. स्टेक त्याच्या बरोब्बर उलट. त्याला कडकडीत तापलेलं लोखंड लागतं, आणि सहा-सात मिनिटांत कारभार आटोपतो. राहता राहिला पास्ता. त्याचं इथे काय काम, तेच मला कळत नाही.

भाचा : माझ्याकडे पाऊण तास आहे. त्यातला थोडा तुमच्या आरोपपत्रात गेला.

मामा : आणि धूर कुठाय?

भाचा : (बाटली दाखवत) सॉस आहे ना. बाटलीवर बार्बेक्यू लिहिलंय.

मामा : वांगं कुकरमध्ये उकडून कुस्करलंस तर त्याला भरीत म्हणशील का?

भाचा : परीक्षेच्या आदल्या दिवशी? म्हणेन.

मामा : अरे, हे गाव कोणाचं आहे! हेन्री पेरी नावाचा कृष्णवर्णीय माणूस 1907 साली इथे आला आणि वर्षभरात त्याने धुरावर शिजवलेलं मांस विकायला सुरुवात केली. वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. त्याचा सॉस असा तिखट की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना धारा. पुढे त्याच्याच हाताखालच्या ब्रायंट बंधूंनी दुकान चालवलं. 1972 साली कॅल्विन ट्रिलिन या लेखकाने लिहून टाकलं, की आर्थर ब्रायंटचं दुकान हे जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट.

भाचा : मग सॉस गोड कोणी केला?

मामा : तो दाट, गोड प्रकार घराघरांत पोहोचवला रिच डेव्हिस यांनी. 1977 साली बाजारात आणला. टोमॅटो आणि मोलॅसिस, म्हणजे काकवीच्या जातीचं. पेशाने बालमानसोपचारतज्ज्ञ.

भाचा : तरीच. हट्टी माणसाला कसं वळवायचं, त्यांना बरोब्बर माहीत. (पाकीट उघडत) बरं, आता मी स्टेकचे तुकडे करून सगळं एकदम भांड्यात टाकतो. रेसिपीत तसंच आहे.

मामा : थांब! कट कुठला?

भाचा : सरलॉइन. एक पाउंड. सेलवर होता.

मामा : सरलॉइन पास्त्याबरोबर बारा मिनिटं उकळलास तर उद्या परीक्षेत खोडरबर न्यायला नको. चक असता तर गोष्ट वेगळी. त्यात कोलॅजन भरपूर, तासन् तास शिजवलं की त्याचं जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडतं. सरलॉइनमध्ये विरघळायलाच फारसं काही नाही. तो जेवढा शिजेल तेवढा आक्रसतो. अख्खा भाज, बाहेर काढ, पास्ता झाल्यावर परत घाल. आणि आधी पुसून कोरडा कर.

भाचा : हे मात्र पटलं. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान शंभरच्या पुढे हलत नाही, आणि खमंग रंग यायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. मायार अभिक्रिया. लुई-कामीय मायार, 1912.

मामा : हो, आणि तो रंग आला की आतला रस कोंडला जातो.

भाचा : अजिबात नाही. ती युस्टुस फॉन लीबिगची 1847 सालची समजूत. मोठा रसायनशास्त्रज्ञ, पण इथे चुकला. भाजलेल्या बाजूतूनही रस गळतोच. हा जो चर्र आवाज येतो ना, तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच. भाजायचं ते चवीसाठी.

मामा : तीस वर्षं मी लोकांना सांगतोय, रस कोंडतो म्हणून.

भाचा : लीबिगनंतर लोकांनी शंभर वर्षांहून जास्त सांगितलं. तुमचा नंबर बराच मागे आहे.

(भाचा मीठ-मिरपूड लावलेला स्टेक तापलेल्या भांड्यात ठेवतो. चर्र. पांढरा धूर. छतावरचा अलार्म केकाटू लागतो. मामा खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतात.)

भाचा : (ओरडून) धूर, धूर म्हणत होतात ना!

मामा : (ओरडून) हा तेलाचा आहे! लाकडाचा नाही!

भाचा : त्या डब्याला तेवढा भेद कळत नाही! पंखा लावा!

(अलार्म थांबतो. मामा उतरतात.)

मामा : तीन मिनिटं झाली, उलट. आता एक ताटली दे, शिजलेलं काढायला. अं हं, ही नको, हिच्यात कच्चं होतं. आणि थर्मामीटर?

भाचा : मामा, एका भांड्याची रेसिपी आहे.

मामा : ताटली म्हणजे भांडं नव्हे. (खिशातून थर्मामीटर काढून खुपसतात) 130 फॅरनहाइट. काढ. बाहेर ठेवल्यावर आणखी चार-पाच अंश चढेल.

भाचा : सरकारी सल्ला 145 आणि वर तीन मिनिटं थांबण्याचा आहे.

मामा : मग सरकारला वेगळं वाढ.

भाचा : परीक्षेच्या दिवशी पोट बिघडायला नको. मी सरकारबरोबर. (आणखी थोडा भाजून स्टेक काढतो. कांदा, ढोबळी मिरची आणि लसूण भांड्यात जातात.) खाली काय लागलंय बघा.

मामा : करपलंय?

भाचा : खरवड आहे. सगळी चव तिच्यातच. म्हणून तर भांडं एकच. दुसऱ्या भांड्यात पास्ता उकळला असता तर ही घासणीने सिंकमध्ये गेली असती. आता टोमॅटो पेस्ट दोन चमचे, जिरेपूड, आणि ही लाल पूड.

मामा : (वास घेत) ही आपली नाही. हिला तर धुराचा वास येतोय!

भाचा : स्पेनमधल्या ला व्हेराची. तिथे मिरच्या ओकच्या धुरावर वाळवतात, मग दळतात. धूर तिकडेच करून झालाय, मी नुसता आयात केला. आणि हे चार थेंब. (छोटी बाटली काढतो.)

मामा : लिक्विड स्मोक? माझ्या बहिणीच्या मुलाने, माझ्या गावात, माझ्यासमोर, बाटलीतला धूर?

भाचा : तुमच्याच गावातला. अर्नेस्ट राइट, औषधविक्रेता, कॅन्सस सिटी. हिकरीचा धूर थंड करून, त्याचं पाणी करून बाटलीत भरून विकायला लागला, 1895 साली. म्हणजे तुमचे हेन्री पेरी या गावात यायच्या बारा वर्षं आधी.

(मामा गप्प. बऱ्याच वेळाने.)

मामा : चारच थेंब घाल. पाचवा पडला तर औषधासारखं लागतं.

भाचा : म्हणजे घालून पाहिलंय तुम्ही.

मामा : पाणी किती घालतोयस ते बघ.

भाचा : पाणी नाही, ब्रॉथ. एक लिटर, साडेतीनशे ग्रॅम पेन्नेला.

मामा : इटालियन लोक शंभर ग्रॅमलाच एक लिटर घेतात! साडेतीन लिटर पाहिजे.

भाचा : आणि मग ते सगळं ओतून देतात. पास्त्यातून सुटलेला स्टार्चही त्याच्याबरोबर जातो. इथे तो भांड्यातच राहतो आणि रस्सा त्यानेच दाट होतो. फक्त अधूनमधून ढवळायचं, नाहीतर बुडाला लागतं. मार्था स्टुअर्टच्या मासिकाने 2013 साली असा एका भांड्याचा पास्ता छापला आणि निम्मी अमेरिका चाळणी धुवायची विसरली.

मामा : मग आता सॉस ओत, उकळू दे त्याच्यात.

भाचा : सॉस शेवटी. साखर आहे त्यात. आत्ता घातला तर तळाशी बसून करपेल.

मामा : (चमकून) हे तुला कोणी सांगितलं?

भाचा : रसायनशास्त्राने.

मामा : मला रिब्जनी. पहिल्या वर्षी सुरुवातीलाच सॉस फासला होता. कोळसा झाला. आता शेवटच्या अर्ध्या तासातच लावतो. शाब्बास! आईला फोटो पाठव, खूश होईल.

भाचा : आईला मी नुसतं पास्ता म्हणून सांगणार आहे. स्टेक कशाचा, हे तिला कळायला नको.

मामा : मी आजीला काय सांगितलंय, ठाऊक आहे? ते परसातलं काळं धूड भरिताची वांगी भाजायला आहे म्हणून. दर रविवारी फोनवर विचारते, रोज एवढं भरीत खाऊन पित्त नाही होत का रे?

भाचा : आणि मामी?

मामा : मामी म्हणते, होतं. मला बघून.

(दहा-बारा मिनिटं. भाचा एका हातात वही धरून ढवळतो. मामा स्टेकच्या पातळ पट्ट्या कापतात, धाग्यांना आडव्या, म्हणजे घासात लांब दोरे येत नाहीत. शेवटी अर्धी वाटी बार्बेक्यू सॉस, मूठभर किसलेलं चेडर आणि ताटलीत साचलेल्या रसासकट स्टेक परत भांड्यात.)

भाचा : झालं. आता परीक्षकसाहेब, गुण द्या.

मामा : देता येणार नाहीत. आमच्या कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धेत चार मुख्य वर्ग. चिकन, पोर्क रिब्ज, पोर्क आणि ब्रिस्केट. स्टेकला त्यात वर्गच नाही. पास्त्याचं तर नाव काढू नकोस.

भाचा : खाजगीत द्या.

मामा : खाजगीत... तीन गोष्टींना गुण असतात. रूप, चव आणि मऊपणा. नवापासून दोनपर्यंत. एक म्हणजे बाद. रूप बघ, सगळंच तपकिरी. वर हिरवं काहीतरी लाव.

भाचा : स्पर्धेत चालतं?

मामा : मोजक्याच हिरव्या गोष्टी चालतात. लेट्यूस, पार्सली, केल आणि कोथिंबीर.

भाचा : कोथिंबीर! नियमात?

मामा : छापील नियमात. इतर बाबतीत आपलं इथे कोणी ऐकत नाही, पण कोथिंबीर आपण मंजूर करून घेतलीय.

भाचा : ती मेक्सिकन लोकांनी करून घेतली असेल.

मामा : कोणीही करून घेवो. भुरभुरव. (खातात. पुन्हा खातात.) हं. आता हे बघ, धूर आहे म्हणावा तर आहे, पण पाठीमागे उभा आहे, तोंडावर येत नाही. गोडी बेताची. मांस मऊ, हे माझ्यामुळे. पास्ता...

भाचा : मामा, परीक्षण चालू असताना परीक्षकांनी बोलायचं नसतं ना?

मामा : अजिबात नाही. सक्त मनाई. एक शब्द नाही. पास्ता जरा एक मिनिट आधी उतरवायला हवा होता, आणि ढोबळी मिरची मोठी चिरली असतीस तर...

भाचा : बाद.

मामा : कोण?

भाचा : तुम्ही.

मामा : (ताटली पुढे करत) वाढ थोडं. बाद झालेल्याला जेवायला मनाई नाही. पण एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. हे चांगलं आहे. बार्बेक्यू नाही, पण चांगलं आहे. बार्बेक्यू आणि पास्ता हे लग्न आमच्या पिढीत कोणी लावलं नसतं.

भाचा : तुमच्या आधीच्या पिढीने लावलंय. मेम्फिसला बार्बेक्यू स्पॅगेटी म्हणून पदार्थ आहे. ब्रेडी व्हिन्सेंट नावाच्या माणसाने काढला. आधी तो रेल्वेत स्वयंपाकी होता. धुरावर शिजवलेलं मांस, बार्बेक्यूचा रस्सा आणि त्यात शेवया.

मामा : मेम्फिस! मेम्फिसचं आम्हाला सांगू नकोस. ते लोक...

भाचा : आणि तुमचे हेन्री पेरी मूळचे कुठले?

मामा : ... मेम्फिसजवळचेच.

भाचा : म्हणजे सोयरीक जुनीच आहे.

मामा : (विचारात) धुरावर शिजवलेलं मांस म्हणालास ना? सरलॉइन नाही?

भाचा : नाही. तिकडे पोर्क घालतात.

मामा : पोर्क त्यांना लखलाभ. ब्रिस्केट घालून बघायला पाहिजे. कडेचे ते काळे, चिवट तुकडे, आमचे बर्न्ट एंड्स, ते या पेन्नेत... ऐक. परीक्षा कधी संपते?

भाचा : उद्या दुपारी.

मामा : मग शुक्रवारी रात्री माझ्याकडे झोपायलाच ये. पहाटे चारला स्मोकर पेटवू. सकाळी अकराच्या सुमाराला मांस 160 अंशांपाशी अडून बसेल, तासन् तास पुढे सरकणार नाही...

भाचा : बाष्पीभवनाने थंड होतं ते. घाम आल्यासारखं.

मामा : तू त्याला कारण समजावून सांगत बस, तोवर मी चहा करतो. संध्याकाळी सहाला उतरवायचं, तासभर गुंडाळून ठेवायचं, आणि साडेसातला तुझा हा सोपा पास्ता करायचा.

भाचा : मामा, पहाटे चार ते रात्री साडेसात. साडेपंधरा तास झाले. सोपा कुठे राहिला?

मामा : का? भांडं एकच आहे की.

भाचा : आणि तो दोन माणसांनी उचलायचा स्मोकर?

मामा : ताटली म्हणजे भांडं नव्हे, हे मान्य केलंस ना? मग स्मोकरही नव्हे. कोथिंबीर तेवढी तू आण.