करंडक राखून ठेवण्यात येत आहे

लॉस एंजेलिसला ‘ई-थ्री’ नावाचा व्हिडिओ गेमचा मेळा भरायचा. कागदोपत्री ते व्यापारी प्रदर्शन. खरं तर ती एकांकिका स्पर्धा होती. सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो हे तीन संघ, आणि समोर जगभरचे परीक्षक, ज्यांनी स्वतः कधी तोंडाला रंग लावलेला नाही. पडदा पडायच्या आतच ‘यंदा कोण जिंकलं?’ यावर जुंपायची. पुण्यात २०२२ साली परीक्षकांनी एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा केवढं रण माजलं! त्या वर्षी ई-थ्री भरलाच नव्हता. तरी तो कोणी जिंकला यावर कुठेतरी भांडण झालंच असणार.

पहिला प्रयोग मे १९९५चा. मायक्रोसॉफ्ट तेव्हा कन्सोलच्या, म्हणजे खेळाच्या यंत्रांच्या, धंद्यात नव्हती; सेगा होती. सेगाने ऐटीत ‘सॅटर्न’ जाहीर केला. किंमत ३९९ डॉलर, आणि माल आजपासूनच दुकानांत! म्हणजे मोजक्या दुकानांत. वगळलेल्यांपैकी केबी टॉईजवाले इतके रुसले, की त्यांनी सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. मग सोनीचे स्टीव्ह रेस आपल्या यंत्राची किंमत सांगायला माईकपाशी आले, ‘२९९’ म्हणाले आणि खाली उतरले. संपलं भाषण. ‘दोन शब्द बोलतो’ म्हणून पाऊण तास माईक न सोडणाऱ्या आपल्या प्रमुख पाहुण्यांना ही ध्वनिफीत सक्तीने ऐकवायला हवी. २००१ मध्ये सेगाने यंत्रं बनवण्याचा नाद सोडला.

एकदा जिंकलं की मान ताठ होते. २००६ साली हीच सोनी प्लेस्टेशन थ्री घेऊन आली, वरच्या मॉडेलची किंमत ५९९ डॉलर! शिवाय एका खेळाची ओळख करून देताना सांगितलं, की यातल्या लढाया प्राचीन जपानात खरोखर झालेल्या आहेत. पाठोपाठ पडद्यावर अवतरला एक राक्षसी खेकडा. इतिहासात खेकडा घुसवण्याचा मक्ता आपल्या दूरदर्शन मालिकांकडेच आहे, अशी माझी समजूत होती. तिकडे निन्टेंडोने ‘वी’ या आपल्या यंत्राचा पांढरा रिमोट लोकांच्या हातात दिला आणि दालनाबाहेर रांगा लावल्या. पुढे वी दहा कोटींवर खपला.

२०१३ला पुन्हा तोच अंक, पात्रं बदलून. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन ४९९ डॉलर, दिवसातून एकदा इंटरनेटवर हजेरी सक्तीची, आणि विकत घेतलेली डिस्क मित्राला द्यायची तर अटीच अटी. सोनीने आपल्या यंत्राचे ३९९ सांगितले आणि जोडीला एक छोटीशी चित्रफीत सोडली: एक जण दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, दुसरा ‘थँक्स’ म्हणतो. एकाने वस्तू दिली आणि दुसऱ्याने घेतली, या क्रांतिकारक शोधावर जगभर टाळ्या! दहाएक दिवसांत मायक्रोसॉफ्टने अटी गुंडाळल्या.

खरी हुशारी निन्टेंडोची. त्याच वर्षी तिने मोठा रंगमंचीय प्रयोग बंद केला आणि चित्रफितीवर भागवलं. हरायची भीती नाही, हॉलचं भाडं वाचलं. २०१९ला सोनी आलीच नाही. मग कोरोना, मग रद्द, मग पुन्हा रद्द. १२ डिसेंबर २०२३ला आयोजकांनी मेळा कायमचा मिटल्याचं जाहीर केलं.

तर निकाल. वैयक्तिक अभिनयाचं पारितोषिक खेकड्याला. सांघिक करंडक राखून ठेवला आहे, कारण २०२५ मध्ये तिन्ही संघांनी अमेरिकेत जुन्याच यंत्रांच्या किमती वाढवल्या. एरवी यंत्र जुनं झालं की स्वस्त व्हायचं. समोरच्याच्या तोंडावर शंभर डॉलर कमी सांगून खाली उतरायला आता व्यासपीठच उरलेलं नाही, आणि याबद्दल तिघांपैकी एकानेही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.