आधी खिडकी, मग विमान

प्लास्टिकचं विमान रंगवायला काय काय लागतं, असं एखाद्या छंदिष्टाला विचारावं. एअरब्रश, कॉम्प्रेसर, प्रायमर, थिनर, बारीक पॉलिश पेपर अशी यादी तो धडाधड म्हणून दाखवतो आणि शेवटी, घरातलं कुणी ऐकत नाही ना हे पाहून, ‘आणि एक स्प्रे बूथ’ असं पुटपुटतो. या पुटपुटण्यालाच माझी हरकत आहे. यादीत शेवटी येणारी ही वस्तू पहिली यायला हवी, आणि तीही बूथ म्हणून नव्हे तर खिडकी म्हणून. लोक आधी डबा पसंत करतात, मग त्याला पंखा शोधतात, पंख्याला नळी जोडतात आणि ती नळी हातात धरून घरभर खिडकी शोधत फिरतात. खरा क्रम याच्या नेमका उलटा आहे. तो कुणी पाळत नाही याचं कारण सोपं आहे: डबा विकत मिळतो, खिडकी मिळत नाही.

बूथचं काम काय, ते एकदा पाहू. एअरब्रशमधून उडालेल्या रंगातला बराचसा विमानावर बसतच नाही. काही बाजूने निघून जातो, काही आपटून परत येतो, आणि हे धुकं रंगवणाऱ्याच्या नाकात तरी जातं किंवा अर्धवट वाळून ताज्या चकचकीत पृष्ठभागावर रव्यासारखं बसतं. ते तिथून हलवते ती वाहती हवा. डब्याचा वाटा फक्त हवेला तोंड नेमून देण्याचा, आणि तेवढं पुठ्ठ्याचा खोकाही निमूटपणे करतो. कारखान्यातल्या बूथसाठी रूढ हिशेब असा, की तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला १०० फूट असावा. वाचायला भीती वाटते, पण हा वेग ताशी २ किलोमीटरसुद्धा भरत नाही. जेवणानंतर शतपावली करणारा माणूस याहून झपाझप चालतो. आता २ फूट रुंद आणि दीड फूट उंच तोंडाचा बूथ घेतला, तर क्षेत्रफळ ३ चौरस फूट, म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे. १:४८ प्रमाणातलं मिग-२१ जेमतेम फूटभर लांब. त्याच्या पोटाला राखाडी रंग द्यायचा म्हणून १० बाय १२ च्या, १० फूट उंच खोलीतली सगळी हवा दर ४ मिनिटांना घराबाहेर काढायची, असा या छंदाचा अर्थ होतो.

यावर पहिला आक्षेप हिशेबी माणसाचा: छोटा एअरब्रश मिनिटाला घनफूटभरही हवा फेकत नाही, मग ३०० कशाला? कारण बूथला एअरब्रशने सोडलेली तेवढीच हवा ओळखून उचलता येत नाही. ती भोवतालच्या हवेत मिसळलेली असते, आणि तोंडाच्या प्रत्येक कोपऱ्यातून ओढ आत असावी लागते. १०० चा आकडा मोठ्या स्प्रे गनच्या जगातला आहे आणि घरगुती कामाला त्याहून कमी वेग चालून जातो, हे मान्य. तरी हिशेब १०० ने सुरू करावा, कारण पुढे पंख्याच्या खोक्यावरच्या आकड्याला कात्री लागायची असते. त्यापेक्षा तोंडच लहान ठेवणं शहाणपणाचं. दीड फूट बाय एक फूट केलं की गरज थेट निम्म्यावर येते. ‘पण मला पुढेमागे मोठं विमान करायचंय’ हा इथला ठरलेला आक्षेप. आपल्या नौदलाच्या टीयू-१४२ चा पंखविस्तार ५० मीटर होता. १:७२ ला तो ७० सेंटीमीटरच्या आसपास येतो. अशी किट कपाटाच्या वर विराजमान असतात हे मी नाकारत नाही. ती तिथून खाली उतरतात, याचा पुरावा मात्र कमी आहे.

आता नळी. माझ्या युक्तिवादाचा सगळा जीव या नळीत आहे. घडीच्या तयार बूथबरोबर येते ती साधारण ४ इंची, वळ्यावळ्यांची, ताणली की लांब होणारी. तिच्यातून मिनिटाला ३०० घनफूट हवा न्यायची तर आतला वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो. तेवढीच हवा ६ इंची नळीतून ताशी २८ च्या सुमाराने जाते, आणि घर्षणाने होणारा दाबाचा तोटा साधारण साडेसात पटींनी कमी होतो. दोन इंचांत साडेसात पट फायदा देणारी योजना बँकेतसुद्धा मिळत नाही. वळ्या ताणून सरळ केल्या, काटकोनी वळणं टाळली, नळी हातभरच ठेवली की तोटा आणखी घटतो. याचाच अर्थ बूथ खिडकीला चिकटून हवा. टेबल कुठे ठेवायचं हे नळी ठरवते आणि नळी खिडकी ठरवते. सोफ्यामागून, कपाटाखालून, दारावरून वळसे घेत जाणारी १२ फुटी नळी टाकून ‘पंखा कमजोर निघाला’ म्हणणं हा त्या पंख्यावर शुद्ध अन्याय आहे.

पंखाही अगदी निर्दोष असतो असं नाही. खोक्यावर छापलेला आकडा हा पुढे-मागे काहीही नसताना मोजलेला असतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत पंखा घ्यायला गेलात तर दुकानदार तो टेबलावर चालू करून दाखवील, बिलबुकाची पानं फडफडतील आणि तुमची खात्री पटेल. पण बूथमध्ये पंख्यासमोर आधी फिल्टर आणि मागे नळी असते. साध्या पात्यांचा पंखा अशा अडथळ्यापुढे लवकर हात टेकतो; कॉम्प्युटरचे दोन-चार पंखे शेजारी-शेजारी बसवले तर ते एकजुटीने हात टेकतात. सेंट्रिफ्युगल ब्लोअर, म्हणजे ज्यात हवा बाजूने शिरते आणि काटकोनात वळून बाहेर पडते तो, दाबाविरुद्ध टिकून राहतो. तो दिसायला बोजड आणि आवाजाला कर्कश असतो. त्याच्या सहवासात रेडिओ ऐकता येत नाही, हाक मारलेली ऐकू येत नाही. या शेवटच्या गुणासाठी काही जण पाच पैसे जास्तही मोजतील.

यानंतर खिडकीच टाळू पाहणाऱ्यांची रांग लागते. पहिला म्हणतो, ‘मी पाण्यावर आधारलेले ॲक्रिलिक वापरतो, त्याला काय बाधा?’ वास कमी असतो, एवढंच खरं. उडालेलं रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारं प्लास्टिक पाण्यामुळे आपोआप पौष्टिक होत नाही. शिवाय ॲक्रिलिक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही रंगांत पाण्याच्या जोडीला अल्कोहोलही असतं. दुसरा म्हणतो, ‘मी एन-९५ लावतो.’ तो कण अडवतो. थिनरची वाफ त्याच्यातून बिनदिक्कत जाते. वाफेला सक्रिय कार्बनच्या डब्या लावलेला मास्कच लागतो. तो जरूर लावावा, पण तो नाक झाकतो तेव्हा अभ्यास करणाऱ्या मुलीचं आणि दिवाणावर पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांचं नाक उघडंच असतं. तिसरा सगळ्यात आशावादी: त्याच्या बूथला नळीच नाही, हवा फिल्टरमधून जाऊन खोलीतच परत येते. गाळणीने चहापत्ती अडते, चहा अडत नाही. पॉलिएस्टरचा फिल्टर कण धरतो आणि वाफ आदराने परत खोलीत आणून सोडतो. मागे कार्बनची पातळ चादर लावली तरी तिची भूक लवकर भागते. ‘मला तर वास येत नाही’ ही साक्षही ग्राह्य धरता येत नाही, कारण एका वासात बसून राहिलं की नाक तो नोंदवायचं सोडून देतं. पाहुणा दारातूनच नाकाला रुमाल लावतो, तो उगीच नाही.

आगीचा आक्षेप मात्र गंभीर असतो, म्हणून त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावं. मोटारीची ठिणगी पडून स्फोट होईल असं म्हणतात. काही थिनरमध्ये असणाऱ्या टोल्युइनची वाफ पेटायला हवेत तिचं प्रमाण एका टक्क्याच्या थोडं वर जावं लागतं. एअरब्रशने मिनिटाला ५ मिलिलीटर थिनर उडवलं, हा सढळ अंदाज धरला, तरी त्याची वाफ सव्वा लीटरच्या आत राहते. आणि ३०० घनफूट म्हणजे तब्बल साडेआठ हजार लीटर हवा. प्रमाण धोक्याच्या रेषेच्या ऐंशीव्या हिश्श्यापाशी घुटमळतं. थोडक्यात, हवा नीट वाहत असेल तर स्फोटाला पुरेसं काही जमतच नाही, आणि हवा वाहायला पुन्हा तीच खिडकी. स्प्रे कॅनचा हिशेब वेगळा. त्यातून रंग पुष्कळ जास्त सुटतो आणि त्याला ढकलणारा वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. म्हणून ब्रश नसलेली मोटर घ्यावी, जमल्यास हवेच्या वाटेबाहेर बसणारी. आणि स्वयंपाकघरातल्या चिमणीखाली विमान रंगवण्याचा मोह कुणाला झाला तर तो आवरावा. ६ इंची नळी तयार आहे, ओढ चांगली आहे, सगळं खरं. पण खाली गॅसची शेगडी आहे, आणि शेगडीपेक्षाही ज्वालाग्राही अशी स्वयंपाकघराची मालकीण आहे.

बाहेर गेली तेवढीच हवा आत यावी लागते, हे बहुतेकांच्या लक्षातून निसटतं. खोलीची दारं-खिडक्या घट्ट लावून बूथ चालू केला तर ब्लोअर नुसता ओरडत राहतो. हवा मिळेल त्या फटीतून येते आणि येताना पलंगाखालची धूळ ओल्या रंगावर आणून टाकते. तेव्हा दार किलकिलं ठेवावं, म्हणजे आतल्या घरातली फोडणीही विमानापर्यंत पोहोचेल. कोकणपट्टीत पावसाळ्यात ही आत येणारी हवाच चिंब असते. लॅकरमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर ओल धरते आणि काळं विमान पांढुरकं होतं. तेव्हा जून ते सप्टेंबर जोडकाम करावं, फटी भराव्यात. राहता राहिला शेजारी. सरकत्या खिडकीचं एक तावदान बाजूला करून तिथे गोल भोकाची प्लायवूडची पट्टी बसवली की काम भागतं, भिंत फोडावी लागत नाही आणि सोसायटीच्या सभेत विषय निघत नाही. फक्त भोकासमोर कुणाची वाळत घालायची दोरी नाही ना, एवढं पाहावं. फिल्टर वेळेवर बदलला तर कण बाहेर जात नाहीत, हे शास्त्र पांढरा सदरा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला समजावता येत नाही.

सगळं जोडून झालं की खात्री करायला यंत्र लागत नाही, उदबत्ती पुरते. थिनरच्या बाटल्या दूर ठेवून ती बूथच्या तोंडाशी चारही कोपऱ्यांत धरावी. धूर सरळ आत गेला तर ठीक. खालच्या कोपऱ्यात रेंगाळून मागे वळला तर तोंड लहान करावं किंवा नळी आखूड. फिल्टर भरत चालला की ओढ मंदावते, म्हणून ही परीक्षा अधूनमधून पुन्हा घ्यावी. खिडकीपाशी पत्र्याच्या डब्यासमोर उदबत्ती ओवाळणारा माणूस पाहून घरातल्यांचा समज होईल की अखेर हा देवाधर्माला लागला. तो दूर करायची घाई करू नये. खिडकीचा ताबा अजून नवा असतो.