नानांची पूर्वसंमती

नानांच्या शेतात पिकापेक्षा फलक जास्त. बांधावरून आत शिरलं की पहिला भेटतो शेततळ्याचा. तळं आहे, प्लास्टिकचं अस्तर आहे, पाणी तेवढं कधी टिकलेलं नाही. पुढे गांडूळखताची शेड. तिच्यात नानांची बुलेट राहते. पॉलिहाउसचा सांगाडा वादळातून वाचला, त्यावर काकूंनी कारल्याचा वेल चढवलाय. मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. माश्या केव्हाच दुसऱ्या तालुक्यात नांदायला गेल्या.

नाना लबाड नाहीत, हे आधीच सांगतो. प्रत्येक वस्तू त्यांनी खरोखर आणली, नियमाप्रमाणे बसवली, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. त्यांचा जीव वस्तूत नसतो, योजनेत असतो. जीआर ते पोथीसारखा वाचतात, परिशिष्टासकट. ‘व’ आणि ‘किंवा’ यांतला फरक आमच्या तालुक्यात वकिलांखालोखाल त्यांनाच कळतो.

मी गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे १ फेब्रुवारी २०२६ ला अर्थमंत्र्यांनी कार्बन पकडण्यासाठी पाच वर्षांत २०,००० कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी नाना माझ्या ओट्यावर हजर.

“सर, कार्बन पकडाचा हाय. जाळी कोणती लागते?”

मी सांगितलं, ही रक्कम वीज, पोलाद, सिमेंट, रिफायनरी आणि रसायनं या पाच उद्योगांसाठी आहे.

“सिमेंट हाय नं आपल्याकडं. गोठ्यात आठ पोती पडून हायेत.”

शेवटी दुधाचं उदाहरण घेतलं. कारखान्याच्या चिमणीशीच कार्बन पकडणं म्हणजे दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करणं. आधीच हवेत गेलेला परत काढणं म्हणजे ओट्यावर सांडलेलं दूध पुन्हा पातेल्यात भरणं. त्यातून हवेच्या दहा हजार रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार. नानांना अर्थातच सांडलेलं दूध आवडलं. तिथे स्पर्धा कमी असणार.

मग मी त्यांना आइसलँडला नेलं. २०२१ साली तिथे ओर्का नावाचं संयंत्र सुरू झालं. मोठाले पंखे हवा ओढतात, गाळण्या त्यातला कार्बन डायऑक्साइड धरतात, तो पाण्यात मिसळून जमिनीखालच्या बेसाल्टमध्ये सोडतात आणि तिथे त्याचा दगड होतो. क्षमता वर्षाला ४,००० टन, म्हणजे आठ-नऊशे मोटारींचा वर्षभराचा धूर. प्रत्यक्षात निघाला त्याहून बराच कमी.

नाना समजूतदारपणे हसले. “क्षमता तर आपल्या तळ्याचीबी हाय.”

बेसाल्ट म्हणजे आपलाच काळा पाषाण, हे कळल्यावर त्यांनी माझ्या ओट्याकडे नव्या नजरेनं पाहिलं. पण त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता. पैसे कोण देतं?

इथे मलाही बोलावंसं वाटलं. वांगी पिकवली तर कोणीतरी भरीत करतो. हवेतून काढलेल्या कार्बनचं काय करणार? खड्ड्यात पुरलेला माल आपणहून विकत घेणारे थोडेच. सरकारनं गिऱ्हाईक व्हावं, नाहीतर धूर सोडणाऱ्याला घ्यायला लावावं. तिसरा मार्ग मला दिसत नाही. अमेरिकेनं २०२२ च्या कायद्यानं हवेतून काढून जमिनीत कायमच्या पुरलेल्या टनाला १८० डॉलरपर्यंत करसवलत ठेवली. ब्रिटननं ठरवलं की आधी एक भाव धरायचा आणि बाजारात त्याहून कमी मिळाला तर फरक भरून द्यायचा.

“भावांतर!” नाना ओरडले. आतून माझी बायको डोकावली.

स्वीडनचा तर उलटा लिलाव. जो सर्वांत कमी मागेल त्याला. २०२५ च्या जानेवारीत स्टॉकहोमच्या, घरं गरम ठेवणाऱ्या कंपनीनं तो जिंकला. लाकडाचा भुसा-ढलप्या जाळायच्या, धुरातला कार्बन समुद्रतळाखाली पुरायचा, आणि पंधरा वर्षांत सुमारे २,००० कोटी क्रोनर घ्यायचे.

“कमी मागन त्याले? हा लिलाव आपल्या अडत्यानंच काढला असन,” नाना म्हणाले. १८० गुणिले डॉलरचा भाव हा हिशेब मात्र त्यांनी माझ्या वर्तमानपत्राच्या कडेला करून ठेवला होता.

“आपल्याले काय जमन?”

पऱ्हाटी, मी म्हटलं. कापूस वेचून झाला की ती तुम्ही बांधावर पेटवून देता. तीच खड्ड्यात, कमी हवेत जाळली तर कोळसा होतो. मातीत मिसळला तर त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं परत हवेत जात नाही. पण कार्बनच्या बाजारात एक अट असते. जे तुम्ही एरवीही केलंच असतं, त्याचे पैसे नाहीत. मदतीमुळेच काम झालं, हे दिसलं पाहिजे.

हे तत्त्व नीट समजायला मला दोन रात्री लागल्या होत्या. नानांनी मांडीवर थाप मारली.

“म्हणजे पूर्वसंमती!”

आणि हा कार्बन पुढेही तिथेच आहे, हे मोजत राहावं लागतं, मी पुढे रेटलं. आइसलँडवाल्यांचा दगड तर हजारो वर्षांच्या हिशेबाचा.

नाना पहिल्यांदाच गंभीर झाले. माल डोळ्याला दिसत नाही, नाकाला वास नाही, फोटोत येत नाही. “हजार वर्षं पाहणीले येईन कोन, सर? कृषी सहायकाची तर तीन वर्षांत बदली होते.”

चहा न पिता गेले. नाद सोडला असेल, असं वाटलं.

मार्चमध्ये त्यांच्या शेतावरून जाताना नवा फलक दिसला, रंग अजून ओला. ‘शासन पुरस्कृत’ या शब्दांनंतर वीतभर कोरी जागा, मग ‘प्रकल्प’, आणि खाली लाभार्थी म्हणून नानांचं संपूर्ण नाव. फलकाच्या मागे निमुळता खड्डा, धुराचा वास, आणि तळ्यातून उपसून आणलेल्या प्लास्टिकखाली एक ढीग. मी कोपरा उचलला. एक तुकडा दुसऱ्यावर वाजवून पाहिला. खणखणीत कोळसा, एकही काडी अर्धीकच्ची नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मला इतका चांगला कधी जमला नव्हता.

“नाना, फर्स्ट क्लास! टाका की तुरीत.”

नानांनी घाईनं प्लास्टिक ओढून घेतलं, वर दोन दगड ठेवले आणि रस्त्यावर कोणी आहे का ते पाहिलं.

“हळू बोला, सर. पूर्वसंमतीच्या आधी काम केलं का माणूस अपात्र होते. तुमी काही पायलं नाही.”