वाघ पाहुणा, मच्छर घरचा

मे महिना लागला की नागपूरकरांचे दोन गट पडतात. ज्यांच्याकडे रजाही आहे आणि पैसाही, ते मनाली गाठतात. ज्यांनी काटोल रोडला, उमरेड रोडला किंवा रामटेकच्या अंगाला एकरभर तुकडा घेऊन त्यावर ‘फार्महाऊस’ नावाच्या दोन खोल्या बांधल्या आहेत, ते तिकडे जातात. कर्जाचे हप्ते चालू असताना दुसरीकडे जाणं बरं दिसत नाही. निघताना शेजाऱ्यांना मात्र सांगतात, ‘‘निसर्गात चाललो.’’

निसर्गातून परत आलेल्या माणसाला नागपुरात एकच प्रश्न विचारतात : वाघ दिसला का? आपलं शहर देशाची व्याघ्र-राजधानी आहे, असं आपणच जाहीर केल्यापासून ही सक्ती झाली आहे. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, ताडोबा. कुठल्याही दिशेला गाडी सोडा, दोन-तीन तासांत माणूस वाघाच्या हद्दीत शिरतो. २०१९ साली तर वाघच मिहान या आपल्या औद्योगिक प्रकल्पात चक्कर मारून गेला. इतकी वर्षं ज्या मिहानमध्ये कोणीतरी मोठं येणार म्हणून आपण वाट बघत होतो, तिथे अखेर कोणीतरी आलं. तेव्हा फार्महाऊसवाल्याने कुंपणाशी वाघाची अपेक्षा धरली, तर त्याला हसू नये. अडचण एवढीच की वाघ येत नाही. जे येतात, त्यांची मोजदाद करायला कोणी मचाण बांधत नाही.

बुद्धपौर्णिमेला मचाण बांधलेलं मिळतं. पूर्वी त्या रात्री पाणवठ्यांवर प्राणीगणना व्हायची. आता वाघांची खरी मोजणी कॅमेरा ट्रॅपने होते, म्हणून त्याच रात्रीचं नाव ‘निसर्गानुभव’ झालं आणि अनुभवाला तिकीट लागलं. संध्याकाळी चढायचं, सकाळी उतरायचं. मधल्या वेळात बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, त्यामुळे काडी ओढायची नाही. म्हणजे कछुआ छापही गेला. वर चंद्र, खाली पाणी, मध्ये आपण. टाळी मारावी तर वाघ जाईल, न मारावी तर रक्त जाईल. पहाटे कागदावर रोही, रानडुक्कर, मोर, असलंच नशीब तर अस्वल, असे आकडे भरले जातात. रात्रभर ज्यांनी खरी हजेरी लावली, त्यांचा रकानाच कागदावर नसतो.

वास्तविक उन्हाळा हा विदर्भात बघण्याचाच हंगाम. सागाची पानं झडलेली, झुडपं उघडी पडलेली, नाले आटलेले. पाणी असेल तिथे गर्दी. घरामागे सावलीत मातीचं एक पसरट परळ भरून ठेवा आणि दहा पावलांवर गप्प बसा. आधी सातभाई येतात. भांडत येतात, भांडत पितात, भांडत जातात. मग बुलबुलाची जोडी. मग भारद्वाज, एकटाच, तांबडे डोळे सगळीकडे फिरवून खात्री करून घेणारा. खार काठावरून उलटी लोंबकळत पिते. मुंगूस आलं की बाकीचे पांगतात. भर दुपारी मधमाश्या काठावर ओळीने बसतात. त्यांना हुसकावू नका, त्या हे पाणी पोळं गार ठेवायला नेतात. सांज झाली की धुऱ्यावर रोही उभा राहतो आणि अंधारात रातवा सुरू होतो. जूनच्या तोंडाशी नवरंग येतो आणि सकाळ-संध्याकाळ झुडपातून शिट्टी घालतो.

याला तिकीट नाही, जिप्सी नाही, ऑनलाइन बुकिंग नाही. कदाचित म्हणूनच हे कोणी बघत नाही. मालक आत कूलरसमोर पडून ताडोबाच्या गाइडला फोन लावत असतो, ‘‘साइटिंग कसं आहे भाऊ?’’

सात वाजले की मालक बाहेर खुर्ची टाकतो आणि मच्छर कामाला लागतात. चावते ती फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. आपला श्वास, घाम आणि अंगाची ऊब यांच्या मागावर ती येते. तेव्हा ‘माझं रक्त गोड आहे’ ही फुशारकी पुरे. गोड काही नाही, तुम्ही फक्त जोरात श्वास घेताय.

मालकाचा शस्त्रसाठा बघण्यासारखा असतो. पहिलं शस्त्र निळा दिवा. त्यात काहीतरी तडतडलं की मालकाच्या चेहऱ्यावर समाधान येतं. १९९६ साली अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी अशा दिव्यांत मेलेले कीटक मोजले. एकूण १३,७८९. त्यात चावणारे ३१. बाकी सगळे पतंग, भुंगे आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेले जीव. सालदाराला हे विद्यापीठात न जाता कळतं. तो म्हणतो, ‘‘साहेब, हा दिवा पाखरं मारते जी. मच्छर तं तुमच्या पायावर बसून हाये.’’

दुसरं शस्त्र मोबाइलमधलं ॲप. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून ते म्हणे मच्छर पळवतं. तो आवाज मच्छरही मनावर घेत नाही, हे त्यातलं गुपित.

तिसरं शस्त्र धुराचं मशीन. शेजारच्या फार्महाऊसवाल्याने आणलं, म्हणून आपणही. पांढऱ्या ढगात बाग गुडुप होते, उडणारे मच्छर मरतात, पाण्यातल्या अळ्या सुखरूप राहतात. सोबत काजवे, चतुर, फुलपाखरं जातात. चतुर हा मच्छर खाणारा, आणि त्याची पिल्लं पाण्यात मच्छरांच्या अळ्या खातात. म्हणजे चोर आणि शिपाई दोघांनाही गोळी, आणि चोराची मुलं घरी. पुढच्या आठवड्यात मालकाची तक्रार : यंदा नवरंग दिसला नाही. नवरंग किडे-अळ्या खाऊन जगतो. तुम्ही त्याचं ताट फवारलंत, आता तो दिसत नाही म्हणून कॅमेरा कशाला बदलता?

चौथं शस्त्र हॅलोजन. जनावरं ‘नीट दिसावीत’ म्हणून चार कोपऱ्यांना चार. जनावरं लांबूनच वळतात आणि गावभरची चिलटं वरणात उतरतात. याच जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अंधार राखल्याबद्दल मिळाली. उजेडच हवा असेल तर पिवळा, मंद आणि खाली तोंड केलेला दिवा लावा. किडेही कमी येतील आणि आकाशात चांदण्या असतात हे मुलांना कळेल.

आता खरा मुद्दा. नवतपात पारा ४५ च्या वर गेला की उघड्यावर मच्छरालाही जगणं जड जातं. अशा वेळी त्याला सावली, ओल आणि साचलेलं पाणी पुरवणारी एकच जागा नागपुरात घरोघर असते. कूलर. वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, वर चोवीस तास गारवा. मच्छरांचं एवढं सुसज्ज प्रसूतिगृह सरकारही बांधू शकलं नसतं. टाकीचं झाकण सरकवून टॉर्च मारा. पाण्यात बारीक, आकडे पडलेले, वळवळत खाली-वर करणारे जीव दिसतील. तेच ते. डेंग्यूचा मच्छर स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसाढवळ्या चावतो. अंड्यातून उडता मच्छर व्हायला आठवडा ते दहा दिवस. फार्महाऊसवाला रविवारी रात्री परततो, कूलर तसाच सोडतो आणि पुढच्या शनिवारी येतो. दोघांचं वेळापत्रक जवळपास जुळतं.

नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून आतून ब्रशने खसाखसा घासायचं. हाच नियम झाडाखालच्या टायरला, कुंड्यांखालच्या बशांना आणि पाखरांच्या परळालाही. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात, पण बंदिस्त हौदातच. ओढ्यात किंवा तळ्यात नको, ते बाहेरचे मासे आहेत आणि तिथल्या माशांच्या मुळावर उठतात.

नागपूरकरांनी किड्यांना हलकं समजणं तसंही शोभत नाही. १९६५ साली इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि चांदीपुरा हे आपल्याकडचं नाव जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत गेलं. तो पसरवते वाळूमाशी, मच्छरापेक्षा कितीतरी लहान, मच्छरदाणीच्या साध्या भोकातून आरामात शिरणारी. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात याच विषाणूने ३२९ मुलांना गाठलं, त्यातली १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा दिसला. वाळूमाशी राहते भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत. सध्या फार्महाऊसला मातीच्या, शेणाने सारवलेल्या भिंतींची फॅशन आहे. फॅशन छान आहे, पण गावातली बाई दर सणाला भेगा लिंपत होती, तो भाग आर्किटेक्टच्या नकाशात येत नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर-विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण वाढले, काहींचे जीव गेले. गवताझुडपातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर माइटच्या चाव्याने तो होतो. चावल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, आणि कुठेतरी कंबरेशी किंवा काखेत काळ्या खपलीचा डाग. डॉक्टरला तो दाखवा आणि गवतात गेला होतात हे सांगा. वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लीनसारख्या साध्या गोळ्यांनी उतरतो. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गोचिडींनी माकडताप आणला, तेव्हा तिथल्या काजूच्या बागेत राबणाऱ्यांनी हाच धडा महाग किमतीला घेतला. गोचीड अंगाला लागली तर काडीचा चटका, रॉकेल, चुना हे सगळे काकांचे उपाय काकांवरच सोडा. चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा.

मच्छरासाठी अंगाला लावायचं मलम चालतं. त्यातलं डीईईटी हे औषध अमेरिकन सैन्याने १९४६ मध्ये जंगलातल्या लढाईसाठीच काढलं. पूर्ण बाह्यांचा फिका सदरा घातला तर आणखी बरं. ही युक्ती शिकायला अमेरिकेत जायला नको. तेंदूपत्ता तोडायला पहाटेच्या अंधारात निघणाऱ्या बाया बघा. साडीवर घरातल्या माणसाचा जुना फुलशर्ट, डोक्याला घट्ट फडकं. त्यांना मलम परवडत नाही आणि वाघ बघायची हौस तर बिलकूल नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत दर उन्हाळ्यात त्यांच्यातलं कोणी ना कोणी घरी परतत नाही. आपण वाघ दिसावा म्हणून पैसे भरतो, त्या वाघ दिसू नये म्हणून देवाला हात जोडतात. एकाच जंगलाचे हे दोन दर आहेत.

रानात गेल्यावर गोमाशी चावणार, लाल मुंगी चावणार, दोन-चार मच्छर चावणार. ते त्यांचं घर आहे, आपण पाहुणे. तेवढं खाजवून सोसावं आणि पाहुण्याने यजमानाच्या अंगावर धूर सोडू नये. पण ज्यांच्यामुळे आपण दवाखान्यात पोचतो, त्यातले बरेचसे रानातले नसतातच. ते आपल्या टाकीत, आपल्या टायरात, आपल्या भिंतीत, आपल्याच पाण्यावर वाढलेले असतात. नागपूरकर १८८० च्या दशकापासून मारबत काढतात आणि सगळी रोगराई गावाबाहेर घेऊन जा म्हणून तिला साकडं घालतात. ती बिचारी दरवर्षी नेते, जळते. आपण घरी येतो आणि कूलर भरतो.

वाघ दिसणं तुमच्या हातात नाही, टाकी घासणं आहे. या रविवारी तेवढं करा. मग खुशाल बसा वाघाची वाट बघत.