मला न उमजलेले क्लॅप्टन

‘क्रॉसरोड्स’मधला दुसरा सोलो मला पाठ आहे. नुसते सूर नव्हेत. पिकची खरखर, दोन सुरांमधली फट, तार सोडताना होणारा बारीक किणकिणाट, सगळं. ही माहिती मी कोणीही विचारलेली नसताना देतो. लग्नाच्या पंगतीत दिली आहे, सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना दिली आहे, आणि एकदा पासपोर्टच्या रांगेत पुढच्या गृहस्थांना दिली, तर ते आपला नंबर सोडून मागे जाऊन उभे राहिले.

१० मार्च १९६८ या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये क्लॅप्टन ज्यात गिटार वाजवायचा त्या ‘क्रीम’ या तिघांच्या बँडनं ते वाजवलं, ‘व्हील्स ऑफ फायर’ या अल्बमवर ते आलं, आणि तेव्हापासून जगात जिथे जिथे विजेचा पॉइंट आणि पन्नाशीतले पुरुष एकत्र आले तिथे तिथे कोणी ना कोणी ते वाजवत आलंय. पुण्यात आम्ही. बँडला नाव आहे, पण त्याचा उपयोग नाही. आम्ही वाजवतो त्या ब्रूअरीचा मॅनेजर फलकावर दर वेळी मनाला येईल ते लिहितो. गायक इंग्रजीचा प्राध्यापक. गाताना तो मेम्फिसला असतो आणि दोन गाण्यांच्या मध्ये सदाशिव पेठेत. बेसवाला विम्यात आहे आणि तसाच वाजवतो, जोखीम न घेता. ड्रमर लहानपणी सात वर्षं तबला शिकलाय, म्हणून त्याला तबलजी म्हणतात. लीड गिटार अर्थात माझ्याकडे.

आम्ही उभे राहतो त्याच्या बरोबर वर क्रिकेटचा मोठा पडदा आहे. एकदा सोलोच्या ऐन टोकाला टाळ्यांचा कडकडाट झाला, मी कमरेत वाकून तो स्वीकारला, आणि सरळ होताना दिसलं की सगळ्यांच्या माना माझ्या डोक्यावर दीड फूट लागल्या आहेत. सिक्स होता. वाकलो ते मात्र वाया गेलं नाही, कारण पायाशी एक टिशू पेपर पडला होता. त्यावर लिहिलं होतं: ‘हॉटेल कॅलिफोर्निया’.

माझा मेहुणा या कार्यक्रमांना येतो, पनीर चिली संपवतो आणि दर वेळी एकच प्रश्न विचारतो: ‘‘भावजी, स्वतःचं काही वाजवता की नाही?’’ या प्रश्नाचं उत्तर मी तयार करून ठेवलेलं आहे. बी. बी. किंग ज्या ‘द थ्रिल इज गॉन’मुळे १९६९ नंतर घराघरात पोहोचला, ते मुळात रॉय हॉकिन्सनं १९५१ मध्ये गायलेलं. ‘ब्लॅक मॅजिक वूमन’ सगळे सांटानाचं समजतात. ते पीटर ग्रीननं लिहिलं आणि त्याच्या फ्लीटवूड मॅकनं त्याआधी दोन वर्षं वाजवलं. स्टीव्ही रे व्हॉनचं ‘टेक्सस फ्लड’ १९५८ सालच्या लॅरी डेव्हिसचं. रोलिंग स्टोन्सनी तर गाणी घेतलीच, पण बँडचं नावसुद्धा मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. आणि क्रीमचं ‘क्रॉसरोड्स’ म्हणजे रॉबर्ट जॉन्सनचं. थोडक्यात, आम्ही ज्यांची नक्कल करतो ते सगळे आधी कोणाची तरी गाणी वाजवणारेच होते.

मेहुणा सगळं शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, ‘‘म्हणजे नाही.’’

आता त्या दुसऱ्या सोलोकडे. ब्लूजचं आवर्तन बारा बारांचं, प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांनी सम. रॉबर्ट जॉन्सन एकटाच वाजवायचा आणि एकट्या माणसाला मात्रांचा हिशोब कोणाला द्यायचा नसतो. तो वाटेल तिथे एखादी वाढवी, एखादी खाई. क्रीमनं ते बारात नीट बसवलं आणि मग त्या रात्री दुसऱ्या सोलोत, अनेक जाणकारांच्या मते, तिघांपैकी कोणाची तरी सम सरकली. खुद्द क्लॅप्टननं पुढे एका मुलाखतीत या वादनाबद्दल नाक मुरडलं आणि तिथे आपण हरवलो असू असा संशय बोलून दाखवला. म्हणजे पाहा. तो माणूस जागच्या जागी सुचेल ते वाजवत होता, वाजवता वाजवता वाट चुकला असावा, आणि ती चुकलेली वाट मी टेपरेकॉर्डरचं पॉझचं बटण ढिलं होईपर्यंत घोकली. त्याला ते पुन्हा तसं वाजवता आलं नसतं. मला दुसरं काही वाजवता येत नाही.

तबलजीला हे पहिल्या तालमीत कळलं. ‘‘एक मात्रा खाल्लीस.’’

मी म्हटलं, ‘‘क्लॅप्टननं खाल्ली.’’

‘‘त्याची त्याला पचली.’’

मग कित्येक तालमी आम्ही दुसऱ्या सोलोनंतर चार दिशांना उतरत असू. हळूहळू ते बंद झालं. आता आम्ही बरोबर एकत्र उतरतो. याचं श्रेय मी माझ्या रियाजाला देत आलो आहे.

इथे चेहऱ्याबद्दल थोडं बोलायला हवं.

इलेक्ट्रिक गिटारवर तार नुसती छेडत नाहीत, ओढतात. षड्ज ए मानला तर तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला शुद्ध मध्यम असतो. तिथे तिसरं बोट ठेवायचं, मागून दुसऱ्याचा टेकू द्यायचा, आणि मनगट वळवून ती तार वर ढकलत ढकलत पंचमापर्यंत न्यायची. मींडच ती, पण हिला ताकद लागते. या संगीताचे मूळचे पाच सूर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे आपला धानी. आमच्या मजल्यावर पेटी शिकवणाऱ्या काकू राहतात. त्यांना मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं तर म्हणाल्या, ‘‘एवढा आरडाओरडा करून शेवटी धानीच ना?’’

तर मध्यम पंचमाकडे निघाला की चेहराही निघतो. भुवया जवळ येतात, डोळे मिटतात, खालचा ओठ डावीकडे सरकतो, आणि पंचम लागला की मान मागे पडते. हा चेहरा जगातल्या प्रत्येक ब्लूज गिटारवाल्याचा वेगळा असतो आणि त्यावर कोणी प्रबंध लिहीत असेल तर मी सामग्री पुरवायला तयार आहे. बी. बी. किंगचा चेहरा तान्ह्या बाळाला पहिल्यांदा चिंच चाटवावी तसा व्हायचा. आधी धक्का, मग संशय, मग आणखी हवी. गॅरी मूरकडे बघून वाटे की या सुराशी याचं जुनं वैर असून आज निकाल लागणार आहे. बडी गाय यांच्यात निराळा. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला मी त्याला ऐकलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. वाजवता वाजवता आवाज इतका खाली आणला की शेजाऱ्याचा श्वास ऐकू यावा, आणि मग डोळे मोठे करून आमच्याकडे असं पाहिलं, जणू गुपित त्याचं नसून आमचंच होतं आणि त्याला ते कळलं होतं. मी रात्री घरी येऊन आरशासमोर डोळे मोठे करून पाहिले. थायरॉइड तपासून घ्यावा असं वाटलं.

स्वतः क्लॅप्टन सोलोत फार तर डोळे मिटतो. तेवढ्यावर माझं भागेना. म्हणून माझ्याकडे सूर क्लॅप्टनचे आणि चेहरा गॅरी मूरचा अशी व्यवस्था आहे. चेहऱ्याचा रियाज मी गिटार न घेता करतो, दाढी करताना. भीमसेनजींची तान सगळ्या अंगातून फिरून गळ्याशी येई, तेव्हा कोणी हसलं का? मग मलाच का? गॅरी मूरच्या ‘पॅरिसिएन वॉकवेज’मध्ये एक सूर आहे, तो प्रत्यक्ष कार्यक्रमात अर्धा मिनीटसुद्धा धरून ठेवी. त्यासाठी अँपचा आवाज चढवून त्याच्यासमोर नेमक्या जागी उभं राहावं लागतं, म्हणजे अँपमधून आलेला आवाज तारेला पुन्हा हलवत राहतो. आमच्या मॅनेजरला गिऱ्हाइकांची ऑर्डर ऐकू यायला हवी असते, त्यामुळे आमचा अँप दोनवर. त्या आवाजात तो सूर लागता लागता मान टाकतो. चेहरा मात्र मी पूर्ण अर्धा मिनीट चालवतो. लोकांना वाटतं, केबल गेली.

मुलीनं त्या अर्ध्या मिनिटातून एक क्षण उचलून त्याचा व्हॉट्सअॅप स्टिकर केला. तो आता कुटुंबाच्या ग्रुपवर दुःख, विजेचं बिल आणि अचानक येणारे पाहुणे या तिन्हींसाठी वापरला जातो. माझ्या आत्याच्या ऑपरेशनची बातमी आली तेव्हा काळजी व्यक्त करायला अर्ध्या नातेवाइकांनी मलाच पाठवलं.

असो. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ नावाचा कार्यक्रम केला, त्याची आठवण मला क्लॅप्टनचा २००४ सालचा ‘मी अँड मिस्टर जॉन्सन’ हा अल्बम ऐकताना नेहमी येते. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस ज्याच्यामुळे आपण आहोत त्याची गाणी गातो, आणि शेजारी स्वतःचा ‘मी’ मांडायला लाजत नाही. दोघांनाही मूळ गाणं नेमकं तसंच उतरवता आलं असतं. कुमार तर लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवत आणि मोठी माणसं तोंडात बोट घालत. मग ते मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला गेले आणि तो हुबेहूबपणा मागे पडला. म्हणजे कुमारांनी कोवळ्या वयात जे मागे टाकलं, ते गाठण्यासाठी मी बावन्नाव्या वर्षी रात्री कानाला हेडफोन लावून बसतो. बाहेरून बायको विचारते, ‘‘झालं का?’’ व्हायचं काय आहे हे दोघांनाही माहीत नाही.

‘क्रॉसरोड्स’च्या आधी मी प्रस्तावना करतो. बेसवाला तेवढ्यात स्वच्छतागृहात जाऊन येतो, यावरून तिच्या लांबीची कल्पना यावी. मी सांगतो की हे गाणं जॉन्सननं १९३६च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियोत, हॉटेलच्या एका खोलीत रेकॉर्ड केलं. की त्याच्या नावावर जेमतेम एकोणतीस गाणी आहेत. की तो १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी मिसिसिपीत गेला, आणि त्याला नेमकं कुठे पुरलं यावर एकमत नसल्यानं ग्रीनवुडच्या आसपास त्याच्या नावाचे तीन दगड उभे आहेत. इथपर्यंत कोणी ऐकत नाही. मग एखाद्या टेबलावरून आवाज येतो, ‘‘सैतानाला आत्मा विकला तोच ना?’’

याचा मला संताप येतो. त्या गाण्यात सैतान नाहीच. संध्याकाळ होते आहे, एक माणूस चौरस्त्यावर उभा राहून येणाऱ्या गाड्यांना हात करतो आहे, आणि एकही थांबत नाही. एवढंच आहे. तो माणूस काळा आहे, रस्ता तिथला आहे आणि साल तिशीतलं आहे. अंधार पडल्यावर अनोळखी गावात काळ्या माणसानं दिसू नये असा त्या मुलखाचा न लिहिलेला आणि काही ठिकाणी पाटीवर लिहिलेला नियम होता. तो गुडघ्यावर येतो ते सौदा करायला नाही, देवाकडे दयेची भीक मागायला. पण सैतानाची गोष्ट जास्त खपते. तिच्यात निदान कोणी तरी थांबतं.

एकदा हे मी पूर्ण बोललो. प्राध्यापक माइकशी उभा होता. रात्री अकरानंतर बाणेरला गाडी कशी मिळत नाही यावर त्याचा एक ठरलेला विनोद आहे, तो या जागी यायचा. त्या दिवशी त्यानं तो केला नाही. थेट गायला लागला आणि बरं गायला, म्हणजे मेम्फिसला न जाता गायला. वर पडद्यावर कोणी तरी आउट झालं.

देणं कोणाचं, हाही प्रश्न मला मधूनमधून छळतो. क्रीमनं स्किप जेम्सचं ‘आय एम सो ग्लॅड’ १९६६च्या पहिल्या अल्बममध्ये घेतलं, नाव त्याचं घातलं, आणि कर्करोगानं थकलेल्या त्या म्हाताऱ्याला शेवटच्या काळात ते पैसे उपयोगी पडले. उलट ‘होल लॉट्टा लव्ह’साठी विली डिक्सनला १९८५ साली लेड झेपेलिनवर दावा लावावा लागला, तेव्हा कुठे तडजोड झाली. मी हा विषय बँडच्या बैठकीत काढला. बेसवाल्यानं हिशोब मांडला: आम्हाला मिळतात दोन पिचर बिअर आणि स्टार्टर. त्यातलं जॉन्सनच्या वारसांना काय पाठवायचं?

गेल्या खेपेला कार्यक्रम संपल्यावर मी तबलजीच्या गाडीत ड्रम चढवू लागत होतो. हे काम मी एरवी टाळतो, पण त्या दिवशी दुसरा सोलो विशेष जमला होता आणि ते कोणी तरी म्हणावं अशी माझी इच्छा होती. तो काही म्हणेना. शेवटी मीच म्हटलं, ‘‘हल्ली आपण समेवर कसे बिनचूक येतो, नाही?’’

‘‘हो.’’

‘‘माझ्या लक्षात आलंय, तू आता मोजतसुद्धा नाहीस.’’

‘‘मोजून काय होणार?’’ बास ड्रम आडवा करत तो म्हणाला. ‘‘तुझ्या तोंडाकडे बघतो. ओठ डावीकडे गेला की दोन मात्रा राहिल्या. मान मागे पडली की सम. प्रोफेसरला पण तेच सांगून ठेवलंय.’’

‘‘आणि तिथे खरंच सम असते?’’

‘‘नसते. आम्ही तिथे आणून ठेवतो.’’

पुढच्या गुरुवारी माझे डोळे आले होते. काळा चष्मा लावून आणि तोंडावर मास्क बांधून वाजवतो म्हटलं, ब्लूजला शोभेलही. तिघांनीही साफ नकार दिला.