ॲम्प्लिफायरची गजाल

ऐकलंत का? यंदा चतुर्थीला नांदगाव रोड स्टेशनावर एक चाकरमानी उतरला. हातात माटवीचं सामान नाही, पोरांना खाऊ नाही; छातीशी तान्हं धरावं तसा एक खोका! आत व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. किंमत बायकोला सांगितलेली वेगळी आणि दुकानदाराला मोजलेली वेगळी, हे एव्हाना तिठ्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक झालंय.

ओटीवर मांडामांड झाली. काचेच्या नळ्या तांबूस पेटल्या. "आवाज कसा मोकळा झाला बघा! तबल्याची शाई दिसतेय!" काका पान चघळत म्हणाले, "मेल्या, माका ता भजनवाल्याच्या आहुजासारख्याच ऐकाक येता." शिव शिव! घरात सुतक पडल्यासारखी शांतता.

पण खरी भानगड सातासमुद्रापार आधीच होऊन गेलीय. 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी 1987मध्ये पंचवीस जणांना बसवून सहा ॲम्प्लिफायर ऐकवले. स्वस्तातला 220 डॉलरचा, महागातली जोडी 12,000ची. कोणता वाजतोय ते लपवलेलं. सगळ्यांची बरोबर उत्तरं मिळून किती? निम्मी! नाणं उडवून तरी वेगळं काय झालं असतं? त्यात हाय-फायचे पक्के भक्तही होते हो, अगदी कान टवकारून बसलेले.

मग ओटीवर तो 'मोकळेपणा' आला कुठून? एक तर नळ्यांचा उजेड आणि पावतीचा आकडा दोन्ही डोळ्यांसमोर. शिवाय एक डबा दुसऱ्यापेक्षा किंचित जोरात वाजत असला, की तो 'मोठा' वाटत नाही, 'छान' वाटतो. दुकानदारांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणून आंधळी कोशिंबीर नीट खेळायची, तर आधी स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर लावा. एकसुरी आवाज लावून दोन्ही डब्यांचा व्होल्टेज जुळवा, 0.1 डेसिबलच्या आत. म्हणजे एकावर 2 व्होल्ट, तर दुसऱ्यावर फरक दोन शतांश व्होल्टपर्यंतच. तारा बदलणारा पडद्याआड, आणि त्याने ऐकणाऱ्याशी चकार शब्द बोलायचा नाही. सोळापैकी निदान बारा वेळा ओळखलंत तर मानू. नुसत्या नशिबाने तेवढं जमायची शक्यता शेकडा चारच्या आत आहे. तीनदा ओळखून मिशीला पीळ देणाऱ्यांनी गप बसावं.

आता चाकरमान्याची बाजूही घेते. व्हॉल्व्हचा डबा कधीकधी खरंच वेगळा वाजतो. त्याच्या आउटपुटचा अवरोध जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या स्वभावाप्रमाणे काही सूर वर येतात, काही दबतात. शिवाय थोड्या वॅटचा डबा ताणला की आवाज फाटतो. ते काकांनाही कळेल. पण दोन चांगले ट्रान्झिस्टरवाले, आपापल्या ताकदीत वाजणारे, त्यांतला फरक पडद्याआडून सांगताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. स्पीकर बदला, नाहीतर तो भिंतीपासून हातभर पुढे ओढा. मग फरक स्वयंपाकघरातल्या वहिनींनाही ऐकू येईल, आणि नुसता ओढलात तर तोही फुकटात.

माझा निकाल काकांच्या बाजूने. पुढच्या चतुर्थीला खोका आणणाऱ्यांनी एक मल्टिमीटर आणि जाड चादर सोबत आणावी. आणि पडदा उघडेपर्यंत पावती बायकोच्या हाती लागू देऊ नये.