मास्तरांचे पाय

गोव्यातल्या फोंड्यात गाडी शिकवणाऱ्या मास्तराबद्दल लोकांचे मत फारसे चांगले नसते. हा माणूस आळशी आहे असे बहुतेकांना वाटते, आणि वरवर पाहिले तर पुरावाही तसाच मिळतो. तिस्काच्या गर्दीत शिकाऊ बाई घामाघूम होऊन स्टिअरिंगला चिकटलेली असते आणि शेजारी मास्तर खिडकीबाहेर कोपर काढून ओळखीच्यांना हात करीत असतो. मध्येच फोन घेतो, बांगडे कसे लावले ते विचारतो आणि कुणाकडेही न बघता म्हणतो, "सवकास, बाय, सवकास." एवढ्याचे पैसे घ्यायचे? माझे म्हणणे असे की, लोक मास्तराचे तोंड बघतात आणि तिथेच फसतात. मास्तराचा सगळा धंदा डॅशबोर्डाखाली चालतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे शिकवणीच्या गाडीला दुहेरी नियंत्रण लागते. म्हणजे त्याच्या पायाशी त्याचा स्वतःचा क्लच आणि ब्रेक असतो. शंका असेल त्याने त्या पेडलांचे रबर बघून यावे. आळसाने रबर इतके झिजत नाही.

ही झीज का होते ते समजायला आधी गोव्याच्या डाव्या पायाचा विचार केला पाहिजे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत निम्मा संसार बिनगिअरच्या स्कूटरवर चालतो, आणि स्कूटरवर डाव्या पायाला स्टँड लावण्यापलीकडे काम नसते. असा वीस-वीस वर्षे बसून खाल्लेला पाय एके दिवशी क्लचवर आणून ठेवायचा, आणि तोही फर्मागुढीच्या चढावर, पुढे कदंबची बस थांबलेली आणि मागे बेळगावचा ट्रक हॉर्न देत असताना! हाफ क्लच म्हणजे काय, हे तोंडाने सांगणे सोपे आहे. क्लचची तबकडी फिरत्या फ्लायव्हीलला नेमकी कुठे धरते हे मात्र तळपायालाच कळते, आणि भ्यालेल्या तळपायाला काहीच कळत नाही. तो झटक्यात वर येतो. गाडी आता बंद पडणार, मागे घरंगळणार, एवढ्यात ती जरासा हिसका देऊन शहाण्यासारखी वर चालू लागते. मास्तर बाहेर बघतच म्हणतो, "पळय, जालें न्हय?" बाईंना वाटते, आपल्याला जमले. जत्रेच्या नाटकात विंगेतला प्रॉम्प्टर अख्खे स्वगत पुरवतो आणि टाळ्या नट घेऊन जातो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की, प्रॉम्प्टरचा आवाज निदान पहिल्या तीन रांगांना तरी ऐकू जातो.

मग ही शुद्ध फसवणूक नव्हे का, असे कुणी विचारील. काही मास्तरांच्या बाबतीत आहेच. नियमाने सांगितलेले किमान दहा तासांचे ड्रायव्हिंग संपत येते, पुढची बॅच दारात उभी असते, आणि मास्तराचा पाय शेवटपर्यंत पेडलावरून हलत नाही. अशा शिकाऊला स्वतःची गाडी घरी आली की कळते, ही गाडी आपले ऐकत नाही. तो दोष शोरूमला देतो. पण चांगल्या मास्तराची परीक्षा त्याने पाय कधी घातला यावर करायची नसते. कधी घातला नाही, यावर करायची असते. कवळ्याच्या रिकाम्या रस्त्यावर तो गाडी खुशाल बंद पडू देतो, चार-चार वेळा. तिथे बंद पडल्याने शिकाऊला लाज वाटत नाही, तळपायाला मात्र अक्कल येते. तिस्कावर तो ती बंद पडू देत नाही, कारण तिथे पायाआधी धीर सुटतो. कुठली चूक कुणाला, कुठे आणि किती करू द्यायची याचा हिशेब तो बांगड्यांचा भाव विचारताना करीत असतो, आणि आठवडागणिक आपला पाय बोटबोट मागे घेत असतो. हा माणूस आळशी दिसतो, कारण तसे दिसणे हाच त्याच्या कामाचा निम्मा भाग आहे. घाबरलेल्या माणसाशेजारी सावध बसलेला मास्तर कुणाला परवडेल?

दुसरा आक्षेप आजकालच्या मुलांचा: क्लच शिकायचाच कशाला? 2014 साली मारुतीने सेलेरिओत स्वस्तातले एएमटी, म्हणजे आपोआप बदलणारे गिअर, आणले. तेव्हापासून डाव्या पायाला पुन्हा पेन्शन मिळाली आहे. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर ऑटोमॅटिकच चालवता येते. आपल्याकडे कारच्या परवान्यात असा भेद नाही, म्हणून ही पळवाट अधिकच सोयीची. यात तथ्य आहे, नाही असे नाही. पण एएमटीच्या पोटात क्लच असतोच, फक्त तो एक यंत्र दाबते. म्हणजे मास्तराचा लपवलेला पायच कंपनीने गाडीत कायमचा बसवून दिला आहे, आणि हा पाय कधीच मागे सरत नाही. मेहुण्याची जुनी गिअरवाली गाडी अनमोड घाटातून उतरवायची वेळ आली, की ही शिकवणी कुठे थांबली होती ते कळते. मास्तर या वादात पडत नाही. ऑटोमॅटिक शिकवायलाही तो तेवढीच फी घेतो, आणि कमी करा म्हटले तर विचारतो, "ब्रेक कोण मारणार, कंपनी?"